सर्व्हरच्या दारात कुणाचं नाव सांगायचं?

क्लाउडवर लिनक्सचा सर्व्हर मिनिटभरात उभा राहतो; अडतं ते आत शिरताना. उबुंटूच्या इमेजमध्ये लॉगिनचं नाव 'उबुंटू', फेडोरात 'फेडोरा', अ‍ॅमेझॉन लिनक्समध्ये 'ईसीटू-यूजर'. डेबियनची तर गंमतच: अ‍ॅमेझॉनवर 'अ‍ॅडमिन', इतर बऱ्याच ठिकाणी 'डेबियन'!

मग सरळ 'रूट' का नको? ते नाव जगजाहीर. पासवर्ड चाचपणारी यंत्रं आधी तेच दार ठोठावतात. म्हणून साधा वापरकर्ता, एसएसएच किल्लीनं प्रवेश आणि कामापुरती 'सुडो'ची मुभा. हे खातं पहिल्या बूटच्या वेळी 'क्लाउड-इनिट' तयार करतं. नाव बदलायची सोयही तिथंच असते.

ठरलेल्या नावाला ठरलेला पासवर्ड जोडला, की मात्र पंचाईत. रास्पबेरी पायवरची 'पाय' आणि 'रास्पबेरी' ही जोडी इतकी सर्वज्ञात झाली, की एप्रिल २०२२मध्ये ते आयतं खातंच काढून टाकण्यात आलं.