डाळीत घातलेली गोळी

आपल्याकडचे किती तरी पुरुष मरोळच्या एमआयडीसीत कामाला असतात. त्यातला एखादा दारू सोडायचे उपचार घेऊन गावी येतो, सोबत औषधांची पिशवी असते. ती सांभाळणं मग आपल्याकडे येतं.

मरोळला आमच्या चाळीतली एक वहिनी मला हळूच म्हणाली, "ताई, हे गोळी घेत नाहीत. मी कुटून डाळीत घालते." बिचारीचा जीव तुटतो, हे कळतं. पण याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही.

ही गोळी असते डायसल्फिरामची. ती दारूची तलफ मारत नाही. दारू पोटात गेल्यावर तिचं आधी एक विषारी द्रव्य होतं, मग यकृत त्याचा निचरा करतं. गोळी तो निचराच अडवते. मग चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. ज्याला गोळीची खबरच नाही तो नेहमीसारखा पिणार, आणि डॉक्टरांनाही काय झालं ते सांगू शकणार नाही. म्हणून ही गोळी त्याला सांगून, त्याच्या संमतीनं, हृदय आणि यकृत तपासूनच सुरू करतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, तिथेही घरच्यांना उपचारात सोबत घेतात. चोरून औषध घालणं म्हणजे सोबत नव्हे!

गोळी बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. खोकल्याची काही औषधं, द्राक्षासव, अशोकारिष्ट यांतही दारूचा अंश असतो. तीही विचारल्याशिवाय देऊ नका.

आणखी एक. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नका. पहिल्या तीन-चार दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिटही येते. त्यासाठी डॉक्टर शांत करणाऱ्या गोळ्या देतात आणि रोज कमी करत नेतात. उरलेल्या गोळ्या सासूबाईंना झोपेसाठी देऊ नका. त्यांचीही सवय लागते, आणि वर दारू घेतली तर श्वास मंदावतो.

त्या वहिनीने शेवटी नवऱ्याला खरं सांगितलं. दोन दिवस तो बोलला नाही. मग तिच्यासोबत डॉक्टरांकडे गेला. आता गोळी तो स्वतःच्या हाताने घेतो, ती समोर बसते.

कधी त्रास झालाच तर १०८ला फोन करा, आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.