विश्लेषण : सर्वोच्च न्यायालय फक्त दिल्लीतच का? मुंबईत पीठ होऊ शकते का?

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापुरात सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईवारी वाचली. मात्र उच्च न्यायालयाच्या निकालाला आव्हान द्यायचे तर आजही दिल्लीच गाठावी लागते. देशाचे सर्वोच्च न्यायालय एकाच शहरात का आणि त्याचा सामान्य पक्षकारावर काय परिणाम होतो, याचा हा आढावा.

न्यायालय दिल्लीत कसे आले?

ब्रिटिश काळात अंतिम अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात असे. 1937 मध्ये दिल्लीत फेडरल कोर्ट स्थापन झाले, पण त्याच्या निर्णयांवरही लंडनला अपील करता येई. 1949 मध्ये ही व्यवस्था संपुष्टात आली. 28 जानेवारी 1950 रोजी संसद भवनातील ‘चेंबर ऑफ प्रिन्सेस’मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे उद्घाटन झाले. टिळक मार्गावरील सध्याच्या इमारतीत ते 1958 मध्ये गेले.

राज्यघटना काय सांगते?

अनुच्छेद 130 नुसार सर्वोच्च न्यायालय दिल्लीत, तसेच राष्ट्रपतींच्या मान्यतेने सरन्यायाधीश ठरवतील अशा इतर ठिकाणी बसू शकते. म्हणजे मुंबईत पीठ भरवण्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. निर्णयाची सुरुवात मात्र सरन्यायाधीशांकडून व्हावी लागते.

काम कसे वाढले?

1950 मध्ये सरन्यायाधीशांसह 8 न्यायाधीशांची तरतूद होती. 2019 मध्ये ही संख्या 34 झाली. प्रलंबित प्रकरणे 80 हजारांहून अधिक आहेत. यातील मोठा भाग अनुच्छेद 136 खालील विशेष अनुमती याचिकांचा. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर साधारण 90 दिवसांत ही याचिका करायची असते. ती अपिलाचा हक्क देत नाही. फक्त अपिलाची परवानगी मागते. बहुतेक याचिका पहिल्याच सुनावणीत, काही मिनिटांत फेटाळल्या जातात. घटनेच्या अन्वयार्थाच्या महत्त्वाच्या प्रश्नांसाठी किमान 5 न्यायाधीशांचे घटनापीठ लागते. दोन-तीन न्यायाधीशांची पीठे रोजच्या अपिलांत गुंतल्याने घटनापीठांना वेळ कमी उरतो.

अंतराचा फटका कोणाला?

पक्षकार स्वतः बाजू मांडू शकतो. वकील द्यायचा तर याचिका ‘ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड’मार्फतच दाखल होते आणि नियमानुसार त्याचे कार्यालय दिल्लीत, न्यायालयापासून 16 किलोमीटरच्या आत असावे लागते. त्यामुळे सिंधुदुर्गातील शेतकऱ्याला गावचा वकील, उच्च न्यायालयातील वकील आणि दिल्लीचा वकील अशा तीन पातळ्यांवर खर्च करावा लागतो. कामकाज इंग्रजीत असल्याने मराठी कागदपत्रांच्या भाषांतराचा खर्च वेगळा.

मग खंडपीठे का नाहीत?

विधी आयोगाने 2009 मध्ये 229व्या अहवालात तोडगा सुचवला होता : दिल्लीत घटनापीठ आणि अपिलांसाठी दिल्ली, चेन्नई किंवा हैदराबाद, कोलकाता व मुंबई येथे चार पीठे. सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायाधीशांच्या बैठकीने मात्र दिल्लीबाहेर पीठ नेण्याची मागणी वेळोवेळी फेटाळली. 2016 मध्ये राष्ट्रीय अपील न्यायालयाचा प्रश्न तत्कालीन सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर यांच्या पीठाने घटनापीठाकडे सोपवला. केंद्र सरकारने या कल्पनेला विरोध केला होता.

विरोधकांचे दोन मुद्दे आहेत. वेगवेगळ्या शहरांतील पीठांनी परस्परविरोधी निकाल दिले, तर अंतिम न्यायालयाचा एकच आवाज राहणार नाही. दुसरे म्हणजे, न्यायालय जवळ आले की अपिले आणखी वाढतील. समर्थकांच्या मते मतभिन्नतेचा धोका आजही आहे, कारण दिल्लीतही न्यायालय वेगवेगळ्या पीठांतच बसते. आणि अंतरामुळे अपील न करणारा माणूस हरलेला नसतो, तो फक्त पोहोचलेला नसतो.

तोपर्यंत पक्षकाराने काय करावे?

ई-फायलिंग आणि दूरदृश्य सुनावणीमुळे प्रत्येक तारखेला दिल्लीला जाण्याची गरज उरलेली नाही. वार्षिक उत्पन्न 5 लाखांपेक्षा कमी असल्यास सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. निकाल लागताच त्याची प्रमाणित प्रत मागवावी आणि 90 दिवसांची मुदत सांभाळावी. मुदत टळली तर उशिराचे कारण आधी पटवून द्यावे लागते.