‘ढकलणें’ आणि त्याचीं इंग्रजी भावंडें

शब्दकोशांत ‘ढकलणें’ या क्रियापदासमोर इंग्रजी शब्दांची लांब रांग उभी असते : पुश, शव्ह, थ्रस्ट, ड्राइव्ह, प्रोपेल आणि आणखीही कांहीं. विद्यार्थी बहुधा त्यांतला पहिला शब्द उचलतो. जरा हौशी असला तर सर्वांत भारदस्त दिसणारा उचलतो. पर्याय म्हणून दिलेले शब्द एकमेकांच्या जागीं खुशाल बसवितां येतात, असा त्याचा समज असतो. हा समज किती घातक आहे तें एका कल्पित उदाहरणावरून पाहूं. दोन मुलगे जिन्यावरून उतरत असतां एक पडला व त्याच्या हातास दुखापत झाली. दुसऱ्याविरुद्ध इंग्रजींत तक्रार लिहावयाची आहे. तींत ‘जॉसल्ड’ असें लिहिलें, तर गर्दींत खांद्यास खांदा लागला एवढाच अर्थ होतो. ‘पुश्ड’ लिहिलें, तर त्यानें ढकललें असा होतो. आणि ‘शव्ह्ड’ लिहिलें, तर रागानें किंवा बेपर्वाईनें लोटून दिलें असा आरोप होतो. जिना तोच, मुलगेही तेच. पण एका क्रियापदानें एक जण निर्दोष ठरतो किंवा अपराधी. तेव्हां शब्दांची निवड हा केवळ परीक्षेंतील गुणांचा प्रश्न नव्हे, न्यायाचाही आहे.

सुदैवानें हे भेद समजून घेण्यास आपल्या मावळांत कोशापेक्षां चांगलीं साधनें आहेत. त्यांचाच आधार आम्ही येथें घेतों.

प्रथम ‘पुश’ घेऊं. बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं सुरू झाला. त्याचा चढ कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. म्हणून कर्जत येथें वर येणाऱ्या गाडीच्या पाठीमागें जादा एंजिनें लावितात. त्यांस ‘बँकर’ म्हणतात. पुढचें एंजिन गाडी ओढतें, मागचीं रेटतात. सगळा भार पुढूनच ओढला, तर डब्यांच्या जोडण्यांवर असह्य ताण येईल. शिवाय एखादी जोडणी तुटलीच, तर मागचे डबे उतारावरून घसरूं नयेत म्हणून पाठीशीं आधार असावा लागतो. असा संथ, सतत, अंगास अंग लावून दिलेला जोर म्हणजे ‘पुश’. त्यांत राग नाहीं व आडदांडपणाही नाहीं. मराठींत ‘रेटणें’ हा त्याचा जवळचा सोबती होय.

‘शव्ह’ची जात निराळी. फावड्यास इंग्रजींत ‘शव्हल’ म्हणतात. तो शब्द याच घराण्यांतला. फावडें मातीची परवानगी विचारीत नाहीं. खालीं शिरतें आणि तिला बाजूस लोटतें. माणसानें माणसास ‘शव्ह’ केलें म्हणजे हाच प्रकार झाला. येथें जोर एकदम येतो आणि समोरच्याची पर्वा नसते.

सकाळीं तळेगांवास पुण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्यें चढतांना जें होतें, तें मात्र ‘शव्ह’ नव्हे, ‘जॉसल’ होय. शेंकडों कोपरें लागतात, पण त्यांत कोणाचाच विशेष हेतु नसतो. गंमत अशी कीं, युरोपांतील घोडेस्वार सरदार भाले रोखून जें द्वंद्व खेळत, त्याच्या ‘जाउस्ट’ या नांवापासून हा शब्द निघाला. भाले गेले, कोपरें राहिलीं! त्याच कोपरानें शेजाऱ्यास हळूच ढोसून सावध केलें, तर तें ‘नज’. २००८ सालीं थेलर व सन्स्टाइन या दोन अमेरिकन विद्वानांनीं याच नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. लोकांवर सक्ति न करितां, निवड त्यांचीच राखून, त्यांस हिताच्या बाजूस वळवावें, हा त्यांतील विचार आहे. कोपराच्या एका ढुसणीस अर्थशास्त्रांत असें मानाचें स्थान मिळालें.

‘थ्रस्ट’मध्यें टोंक व दिशा हवी. पहार जमिनींत खुपसणें, तलवार भोंसकणें, गर्दींत हात घुसविणें, हीं त्याचीं उदाहरणें. ‘रॅम’ म्हणजे मेंढा. क्रियापद झाल्यावर मेंढ्यासारखी धांव घेऊन धडक देणें. लोहगडाच्या दरवाज्यांची वाट वळणांवळणांची कां आहे, याचें एक उत्तर या शब्दांत सांपडतें. धडक देण्यास धांव लागते, धांवेस सरळ वाट लागते. वाट वळविली कीं धडकेचें निम्में बळ नाहींसें होतें.

‘ड्राइव्ह’ म्हणजे मुळांत हाकणें. घाटांतून लोहमार्ग कसा न्यावा हें इंग्रज अभियंत्यांस शिंगरोबा नांवाच्या धनगरानें दाखविलें, अशी दंतकथा आहे. त्याचें देऊळ आजही घाटांत आहे. धनगर मेंढरें हाकतो, म्हणजे ‘ड्राइव्ह’ करितो, आणि हाकलेल्या कळपास इंग्रजींत ‘ड्रोव्ह’ म्हणतात. येथें हाकणारा मागें असतो, पण दिशा त्याच्या हातीं असते. म्हणूनच हा शब्द यंत्रांसही लागला. लोणावळें, वळवण व शिरवतें येथील तलावांचें पाणी नळांतून सुमारें १,७०० फूट खालीं खोपोलीस नेऊन चक्रें फिरवावीं व वीज काढावी, हें टाटांचें काम १९१५ सालीं सुरू झालें. पाणी चक्रें फिरवितें, तेंही ‘ड्राइव्ह’च.

परंतु याच शब्दाविषयीं एक इशारा द्यावासा वाटतो. ‘घाटांतून लोहमार्ग ड्राइव्ह केला’ अशी वाक्यरचना इंग्रजी पुस्तकांत आढळते. वाक्य मोठें ऐटदार आहे. पण करणारा कोण, हें त्यांत दिसत नाहीं. त्यासाठीं ‘हीव्ह’ हें क्रियापद हवें. जड वस्तु सर्वांगाचा जोर लावून उचलणें, असा त्याचा अर्थ. ‘हेव्ही’ म्हणजे जड, हा त्याचाच आप्त. घाटांत २५ बोगदे खणले गेले, आणि १८६१ सालीं कामावर ४२,००० हून अधिक मजूर होते. पटकी, ताप व अपघात यांनीं त्यांतील हजारों दगावले. दगड त्यांनीं ‘हीव्ह’ केले, म्हणून मार्ग ‘ड्राइव्ह’ झाला. दोन्ही क्रियापदें खरीं आहेत. पण पहिलें विसरून दुसरें लिहिणारा अर्धेंच सत्य लिहितो.

राहिला ‘प्रोपेल’. लॅटिन भाषेंत ‘प्रो’ म्हणजे पुढें व ‘पेल्लेरे’ म्हणजे लोटणें. लोणावळ्याजवळ ‘शिवाजी’ ही नौदलाची संस्था १९४५ पासून आहे; जहाजांस पुढें लोटणाऱ्या यंत्रांची विद्या तेथें शिकवितात, आणि जहाजाच्या पंख्यास ‘प्रोपेलर’ म्हणतात. ‘पेल्लेरे’चें कुटुंब मोठें आहे : ‘एक्स्पेल’ म्हणजे बाहेर काढणें, ‘रिपेल’ म्हणजे परतविणें, ‘कंपेल’ म्हणजे भाग पाडणें, ‘इंपेल’ म्हणजे आंतून प्रवृत्त करणें. एवढेंच नव्हे, तर साधा ‘पुश’ आणि मनगटांतील नाडी, म्हणजे ‘पल्स’, यांचें मूळही तेंच. आपल्या ‘प्रेरणा’ या शब्दांतही ‘प्र’ म्हणजे पुढें व ‘ईर्’ म्हणजे हालविणें असे दोन घटक आहेत. ज्या शब्दास आपण केवळ मनाचा समजतों, त्याच्याही पोटीं एक धक्का आहे.

तेव्हां विद्यार्थ्यांनो, यापुढें पर्याय निवडतांना तीन प्रश्न स्वतःस विचारा. जोर एकदम आला कीं सतत होता? लावणाऱ्याचा हेतु काय होता? दिशा कोणी ठरविली? उत्तरें मिळालीं कीं शब्द आपोआप सांपडेल.

पालकांसही हेच प्रश्न उपयोगी पडतील, असें आम्हांस वाटतें. आपलें मूल अभ्यासांत पुढें जावें म्हणून आपण सर्वच जण मागून जोर लावितों. परंतु तो जोर ‘नज’ आहे, ‘पुश’ आहे, ‘शव्ह’ आहे, कीं ‘ड्राइव्ह’ आहे? हाकलेलें मेंढरूं ठरल्या कुरणांत पोंचतें खरें, पण वाट त्याची नसते. घाटांतील बँकर आम्हांस अधिक शहाणा वाटतो. चढ आहे तोंवर तो अंगास अंग लावून रेटतो, गाडीस मागें घसरूं देत नाहीं. आणि लोणावळें आलें कीं जोडणी सोडवून घेऊन बाजूस होतो. पुढची वाट गाडी आपल्या बळावर चालते.