गॅरंटी, वॉरंटी आणि वॉरंट

मिक्सर घेताना आपण दुकानदाराला हमखास विचारतो, 'गॅरंटी आहे की वॉरंटी?' गॅरंटी असेल तर बिघडलेली वस्तू बदलून मिळणार, वॉरंटी असेल तर दुरुस्त करून, असा हिशेब आपल्या बाजाराने लावून टाकला आहे. शब्दांच्या इतिहासात मात्र हे दोन्ही मुळात एकच. पोलीस घेऊन येतात ते वॉरंटसुद्धा त्यांचंच सख्खं भावंड.

१०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झाला. त्याच्या सरदारांची फ्रेंच ही उत्तरेकडची बोली. काही शब्दांच्या सुरुवातीला पॅरिसकडे 'ग' म्हणत, तिथे ही मंडळी 'व' म्हणत. त्यांच्या बोलीतून 'वॉरंट' आणि 'वॉरंटी' इंग्रजीत शिरले. काही शतकांनी तेच मूळ 'ग' लावून पुन्हा आलं. वसतिगृहाचा वॉर्डन आणि शाळेच्या अर्जावरचा गार्डियन यांचीही हीच कथा. इंग्रजीने आलेला पाहुणा परत पाठवला नाही, दोघांना वेगवेगळी कामं लावून दिली.

म्हणून 'या दोन शब्दांत फरक काय' हे विचारण्याआधी 'हे दोघे आले कुठून' असं विचारावं, असं माझं मत आहे. विल्यमच्या आधीपासून इंग्लंडात राहणाऱ्या सॅक्सनांचा घरचा जुना शब्द, त्यावर दरबारी फ्रेंच, त्यावर पंडिती लॅटिन, असे थर इंग्रजीत जागोजाग सापडतात. शेजारी 'आस्क' करतो, पत्रकार 'क्वेश्चन' करतो, पोलीस 'इंटरॉगेट' करतात. 'किंगली', 'रॉयल' आणि 'रीगल' या तिन्हींत राजा आहे. पण 'रॉयल' बहुतेकदा खऱ्या राजघराण्याशी बांधलेला, तर 'रीगल' म्हणजे राजाला शोभेलसा. त्याला राज्य लागत नाही, रुबाब पुरतो. १९३३ साली कुलाब्यात उघडलेल्या चित्रपटगृहालाही तो चालून गेला.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. वर्गात मूल हजर असतं, कोर्टात आरोपी हजर होतो, समारंभाला मंत्री मात्र उपस्थित असतात. अरबीतून आलेला 'हजर' आणि संस्कृत 'उपस्थित' यांचा अर्थ तोच, पण मंत्र्यांना हजर करून पाहा!

या थरांचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ताटातलं. गोठ्यातली 'काउ' ताटात 'बीफ' होते, 'शीप'चं 'मटन' होतं, 'पिग'चं 'पोर्क'. जनावरं राखणारा सॅक्सन, खाणारा नॉर्मन. वॉल्टर स्कॉटने १८१९च्या 'आयव्हॅनहो' कादंबरीत एका विदूषकाच्या तोंडी हा टोमणा घातला आणि तो घरोघरी पोचला. गोष्ट झकास आहे, पण जरा जास्तच नेटकी. पुढे कित्येक शतकं इंग्रज जिवंत गुरांनाही 'बीफ'चंच अनेकवचन लावत होते; कुरणातली 'काउ' आणि ताटातलं 'बीफ' अशी चोख वाटणी बरीच नंतरची. आणि आपण त्यावर आणखी ताण केला. तिकडे मेंढीचं असलेलं मटन आपल्याकडे बहुतेक वेळा बोकडाचं असतं.

फ्रेंचांच्या आधी व्हायकिंग येऊन गेले होते. 'शर्ट' आणि 'स्कर्ट' मुळात एकच वस्त्र. सॅक्सनांच्या तोंडी 'स्क'चा 'श' झाला, व्हायकिंगांच्या तोंडी तो तसाच राहिला.

कोर्टात तर या सरमिसळीने कहर केला. १३६२ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला की लोकांना फ्रेंच समजत नाही, तेव्हा युक्तिवाद इंग्रजीत करावेत. तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये! दस्तऐवजांत दोन भाषांचे शब्द शेजारीशेजारी बसले. 'विल अँड टेस्टामेंट' यातला पहिला सॅक्सन, दुसरा लॅटिन. 'गुड्स अँड चॅटल्स'मधला दुसरा फ्रेंच, आणि गंमत म्हणजे 'चॅटल', 'कॅटल' आणि 'कॅपिटल' ही एकाच लॅटिन शब्दाची रूपं. गुरं, मालमत्ता आणि भांडवल यांत फारसा फरक नव्हता तेव्हाची ही खूण. आपण अजूनही पशुधन म्हणतोच. तालुक्याच्या कोर्टातून नोटीस घेऊन येणारा बेलीफही त्याच फ्रेंचचा वारसदार.

कधी एकच लॅटिन शब्द दोनदा येतो. फ्रेंचमधून झिजून आला तो 'फ्रेल', थेट ग्रंथांतून आला तो 'फ्रॅजाइल'. थकलेल्या आजी 'फ्रेल' असतात. 'फ्रॅजाइल'चं लेबल काचसामानाच्या खोक्यावर लागतं.

शब्द आला कुठून हे विचारण्याचा नियम सगळीकडे चालतो असं नाही. 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' यांत मूळ शोधून काही हाती लागत नाही. न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे निःपक्षपाती हवा. 'अनइंटरेस्टेड' असला तर तो खटला चालू असताना जांभया देईल. गंमत अशी की सतराव्या शतकात हे अर्थ नेमके उलटही वापरले जात. इथे वापर पाठ करण्यावाचून इलाज नाही.

आपली कचेरीतली इंग्रजी मात्र बहुतेक वरच्याच थरावर वाढली. काम सुरू होत नाही, 'कमेन्स' होतं. मदत मागायची नसते, 'असिस्टन्स' मागायचा असतो. पत्र वजनदार होतं आणि माणूस त्यातून निघून जातो. तेव्हा पुढच्या वेळी कोश उघडाल तेव्हा अर्थावर थांबू नका, व्युत्पत्तीची ओळही वाचा. आणि अर्जात 'कमेन्स' लिहिण्याआधी 'बिगिन'ने भागतंय का, तेवढं बघा.