डोंगल नेमका कुठे अडतो?

आमच्या गावाला केबलचं इंटरनेट अजून आलेलं नाही. वाचनालयातल्या जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू आहे आणि नेट डोंगलवर. ते बंद पडलं की मला निरोप येतो. मी पोचेपर्यंत कुणीतरी सल्ला देऊन गेलेलं असतं, "लिनक्स काढून विंडोज टाका सर." हे ऐकून जीव तुटतो. गाडं कुठे अडलंय ते लिनक्स स्वच्छ सांगतं, फक्त त्याला विचारायला हवं.

आधी टर्मिनल उघडून 'एलएसयूएसबी' ही कमांड द्यायची. हुआवेचा ई१७३ हा डोंगल आजही बऱ्याच घरांत पडलेला सापडतो. लावल्या लावल्या तो मोडेम नसतोच, तो सीडी असल्याचं सांगतो. विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर त्याच्या पोटातच असतं, ते चढवता यावं म्हणून ही सोय. अशा वेळी यादीत १२डी१:१४४६ असा क्रमांक दिसतो. मग यूएसबी-मोडस्विच हा जोशुआ डित्झे यांनी लिहिलेला छोटा प्रोग्राम त्याला एक ठरावीक संदेश धाडतो. डोंगल यादीतून क्षणभर नाहीसा होतो आणि १२डी१:१४३६ होऊन परत येतो. आता तो मोडेम झाला! कितीही वेळा पाहिलं तरी मला याचं अप्रूप वाटतं.

क्रमांक १४४६ वरच राहिला, तर सिमला किंवा टॉवरला बोल लावण्यात अर्थ नाही. यूएसबी-मोडस्विचचं पॅकेज आहे का ते बघा आणि डोंगल डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टमध्ये लावा. यूएसबी २ च्या पोर्टकडून ५०० मिलिअँपिअरचीच हमी असते, आणि सिग्नल क्षीण असला की डोंगलची भूक वाढते. पुढच्या पोर्टची आतली वायर सैल किंवा खराब असली, तर तो मधेच मान टाकतो.

यापुढचं काम मोडेम मॅनेजरचं. 'एमएमसीएलआय'पुढे डॅश आणि कॅपिटल एल दिलं की मोडेमचा क्रमांक कळतो. डॅश, स्मॉल एम आणि तो क्रमांक दिला की सगळी कुंडली समोर येते. 'लॉक्ड' दिसलं तर सिमला पिन हवाय. तिथे अंदाजाने आकडे टाकू नका, तीन वेळा चुकलं की पीयूके मागतो.

'सर्चिंग'वरच थांबला तर मात्र लिनक्सवर हकनाक आळ येतो. जिओचं जाळं २०१६ मध्ये सुरू झालं तेच ४जीवर. २जी-३जी त्यात नाहीच. ई१७३ पडला ३जीचा. फोनमध्ये धावणारं तेच सिम त्यात घातलं, तर तो जन्मभर शोधत बसेल. तिथे ४जीचा डोंगलच आणायला हवा.

'रजिस्टर्ड' आहे पण जोडणी होत नाही, तर नेटवर्क मॅनेजरमधला एपीएन तपासा. एअरटेलला 'एअरटेलजीपीआरएस.कॉम', बीएसएनएलला 'बीएसएनएलनेट'. इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. कंपनी बदलून सिम घातलं की जुना एपीएन हमखास तसाच राहतो.

आणि 'कनेक्टेड' असूनही पान उघडत नसेल, तर ८.८.८.८ ला पिंग करा. उत्तर आलं म्हणजे डोंगल, सिम, टॉवर सगळं चालू आहे. मग बहुतेक वेळा डीएनएसचा पत्ता तेवढा बदलावा लागतो.