बेलबागला ढोल कोणाकडे?

आमच्या पथकात ढोल 60, ताशे 12 आणि वादक 130. हे तीन आकडे दर श्रावणात माझी झोप उडवतात, कारण यादी मी करते. विसर्जनाच्या मिरवणुकीत कोण, कुठल्या चौकात, काय वाजवणार, ती ही यादी.

पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांत बहुतेक वादक हौशी. आमच्याकडे सुपारीचे पैसे पानं, दोऱ्या आणि टेम्पो यांतच संपतात, वादकाच्या हातावर काही पडत नाही. बँकेतली, कॉलेजातली, वर्कशॉपमधली माणसं दोन महिने रोज संध्याकाळी सरावाला येतात, थापीच्या हाताला चिकटपट्टी गुंडाळून वाजवतात, ते त्या एका दिवसासाठी. त्यामुळे पाळी हुकली की मोठी माणसंसुद्धा रडतात. पहिल्या वर्षी मीही टेम्पोच्या मागे जाऊन रडले होते.

यादी हातात आली तेव्हा मला वाटलं, सोपं आहे, मिनिटं वाटून टाकू. प्रत्येकाला चाळीस. विसर्जनानंतर एक मुलगी शांतपणे म्हणाली, "ताई, माझी चाळीस मिनिटं नुसती उभं राहण्यात गेली." खरंच होतं. लक्ष्मी रस्ता सगळीकडे सारखा नसतो. मंडईतून निघाल्यावर बेलबाग चौकात गर्दी, कॅमेरे आणि सगळ्यांचे मामा-मावश्या. शेवटी अलका टॉकीजच्या चौकात पुन्हा तेच. मधे कुंटे चौकाच्या आसपास मिरवणूक खोळंबते, ढोल कमरेला तसाच बांधलेला आणि वाजवायला मात्र बंदी. तेव्हापासून मी मिनिटांऐवजी टप्पे वाटते, चिठ्ठ्या टाकून. बेलबाग मिळालं त्याला अलका नाही, आणि गेल्या वर्षी मधे अडकलेल्यांनी यंदा चिठ्ठी आधी उचलायची. पाण्याची गाडी, टोलगाडी ढकलणं, रात्री टेम्पो भरणं हेही टप्पेच. ते आले की कुरकुर होते, होऊ दे.

हजेरीचा नियमही असाच बदलावा लागला. अमुक दिवस आलात तरच वाजवायचं, हा नियम कॉलेजच्या पोरांना सोयीचा. पण आमच्यातली एक नर्स आहे, तिची कामाची पाळी आठवड्याला बदलते. आता आम्ही दिवस मोजत नाही. सगळे हात येतात का, ते पाहतो. (हात म्हणजे ठेक्यांच्या ठरलेल्या बांधण्या.)

खरं भांडण होतं पहिल्या रांगेवरून. जुन्यांना वाटतं, चांगला वादक पुढेच शोभतो. पण चार-चारच्या रांगांत 60 ढोल उभे केले की शेवटची रांग पुढच्या ताशांपासून तीसेक मीटर मागे पडते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे ताशा तिथे जवळजवळ सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो. कानावर विसंबून वाजवणारा मागे हमखास ओढतो, आणि त्याच्यामुळे मधली रांग बिघडते. पुढच्याच्या टिपऱ्यावर नजर ठेवून लय धरणारा पक्का गडी म्हणूनच मागे हवा. नवखा ताशाजवळ बरा, त्याला सगळं वेळेवर ऐकू येतं. हे पटवायला मला दोन वर्षं लागली. एक ज्येष्ठ वादक अजून बोलत नाहीत.

ताशा मात्र मी चिठ्ठीवर देत नाही. उठाव ताशाचा, हात बदलायचा इशाराही त्याचाच. तो चुकला की साठच्या साठ ढोल चुकतात. पण पूर्वी ताशा शिकायला मिळायचा तोही ठरावीक पोरांनाच. आता पहिला महिनाभर काड्या कोणीही उचलाव्यात. यंदाच्या 12 जणांत चार मुली आहेत.

2024 साली तर यादीच बुडायची वेळ आली होती. पथकात 30 पेक्षा जास्त माणसं नकोत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 30 ऑगस्टला दिला. आवाजाचा त्रास खोटा नाही, सराव संपला की माझेही कान वाजत राहतात. पण 130 मधून 30 काढायचे कसे? एका रात्री बसून नावं लिहिली, निव्वळ वाजवण्यावर. सकाळी पाहिलं तर गेल्या तीन वर्षांत आलेलं एकही नाव त्यात नव्हतं. 12 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली, विसर्जन होतं 17 ला. तो कागद मी कोणाला दाखवला नाही.

यादीत न मावणारी गोष्ट एकच, ढोल सोडणं. रंगात आलेला माणूस पट्टा सोडत नाही, "हे एवढं आवर्तन" म्हणत आख्खा चौक खातो आणि बदलीवाला शेजारी रिकाम्या हातांनी चालतो. आता बदलीच्या वेळी फक्त ताशे वाजतात. तेवढ्यात ढोलवाले एकदम पट्टे सोडतात आणि बदलीवाले बांधतात. गेल्या वर्षी बेलबागला माझा ढोल त्या नर्सकडे गेला. गाठ तिला जमेना, म्हणून मीच तिच्या कमरेला पट्टा आवळला आणि पाण्याच्या गाडीकडे धावले.