टोचणारेच टोचून घेत नाहीत

लस टाळणारे ते अडाणी आणि त्यांना समजावून सांगणारे ते डॉक्टर व नर्स, असे चित्र आपण गृहीत धरलेले असते. आज याची दुसरी बाजू पाहू. रोज इतरांना सुया टोचणारे, रक्ताचे नमुने हाताळणारे, ऑपरेशन थिएटरची फरशी पुसणारे असे कितीतरी लोक आहेत, ज्यांनी स्वतः कावीळ 'ब'ची लस घेतलेली नसते. किंवा एक-दोन डोस घेऊन तिसरा सोडून दिलेला असतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरची मुलगी नर्सिंगला असते, पुतण्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतो, शेजारचे कोणी दवाखान्यात कंपाउंडर असते. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही.

कावीळ 'ब' म्हणजे हिपॅटायटीस-बी. पावसाळ्यात दूषित पाण्यातून गावभर पसरते ती कावीळ ही नव्हे. ही रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होते. मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेक वेळा शरीर विषाणूला हुसकावून लावते. पण शंभरातल्या सुमारे पाच जणांमध्ये तो यकृतात कायमचा मुक्काम ठोकतो. पुढे वीस-तीस वर्षांनी यकृत निबर होणे (सिरॉसिस) किंवा यकृताचा कर्करोग, अशी वेळ काहींवर येते. तोवर डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात असे सुमारे ३ कोटी लोक आहेत. त्यातल्या बहुतेकांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नाही. साध्या तापासाठी सलाईन लावून घेणारा कोणताही रुग्ण त्यांपैकी एक असू शकतो.

दवाखान्यात सगळ्यांना भीती असते ती एड्सची. एच.आय.व्ही. बाधित रुग्ण दाखल झाला की दोन-दोन हातमोजे चढतात. आता आकडे पाहा. एच.आय.व्ही. बाधित रुग्णाला वापरलेली सुई हाताला टोचली, तर लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. हिपॅटायटीस-सी असेल तर शंभरात सुमारे दोन. आणि हिपॅटायटीस-बी असेल व टोचलेल्याने लस घेतलेली नसेल, तर रुग्णाच्या रक्तातील विषाणूच्या प्रमाणानुसार शंभरात सहापासून तीसपर्यंत! शिवाय हा विषाणू टेबलावर वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. या तिघांपैकी लस आहे ती फक्त याच एका आजारावर, आणि तीच घ्यायची राहून जाते.

का राहते? धर्म, रूढी, अंधश्रद्धा यांचा इथे फारसा संबंध नाही. एका अनुभवी सिस्टरांना विचारले तर म्हणाल्या, "डॉक्टर, वीस वर्षं झाली, शेकडो सुया टोचल्या, काय झालं मला?" त्यांनी रक्त कधी तपासलेले नव्हते, त्यामुळे काय झाले आणि काय नाही हे त्यांना कळणार तरी कसे? दुसरे कारण म्हणजे सहा महिन्यांचा पल्ला. पहिला डोस उत्साहात होतो, महिन्याने दुसरा होतो आणि सहाव्या महिन्यापर्यंत बदली, लग्न, रजा यांत तिसरा विसरला जातो. तरुण परिचारिका कधी कधी दबक्या आवाजात विचारतात, "पुढे मूल व्हायला अडचण नाही ना येणार?" मुळीच येत नाही, गरोदरपणातही ही लस देता येते. उलट आईच्या रक्तात हा विषाणू भरपूर असेल आणि बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस सुरू केली नाही, तर बाळाला लागण होण्याचा धोका मोठा असतो. आणि अशी लागण झालेल्या शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांमध्ये ती कायमची राहते.

सगळ्यात वंचित राहतात ते वॉर्डातले मामा आणि मावशी. सुई टोचण्याची पाळी डॉक्टरांइतकीच, कदाचित अधिकच, त्यांच्यावर येते. कचऱ्याच्या पिशवीत कोणीतरी निष्काळजीपणे टाकलेली सुई त्यांच्याच हाताला लागते. त्यांना लसीबद्दल शंका नसते. त्यांना कोणी विचारलेलेच नसते. छोट्या खाजगी दवाखान्यांत हे विशेष दिसते. माझ्या मते नोकरीवर ठेवणाऱ्यानेच हा खर्च करावा. वर्षभरात साबणावर होतो त्याहून तो फार मोठा नसतो.

शंका घेणे हा गुन्हा नाही, हेही सांगितले पाहिजे. ही लस अमेरिकेत १९८१ साली मंजूर झाली तेव्हा ती बाधित लोकांच्या रक्तद्रवापासून बनवत असत. त्याच वर्षी एड्सची पहिली नोंद झाली. "या लसीतून एड्स होईल" या भीतीने तिथल्या अनेक डॉक्टरांनी व नर्सनी लस घेतली नाही. प्रश्न रास्त होता. तपासण्या झाल्या. लस बनवताना रक्तद्रवावर जी प्रक्रिया होई, तीत असा कोणताही विषाणू टिकत नाही, असे सिद्ध झाले. १९८६ पासून तर यीस्टपासून बनवलेली लस आली. आज आपण वापरतो ती हीच. तिच्यात विषाणू नसतो, त्याच्या आवरणातले फक्त एक प्रथिन असते. त्यामुळे लसीने कावीळ होणे शक्यच नाही. १९९१ मध्ये अमेरिकेने नियमच केला की रक्ताशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्याला मालकाने ही लस फुकट द्यावी, आणि नको असेल तर त्याने तसे लिहून सही करावी. लस, हातमोजे आणि सुया हाताळण्याची शिस्त या तिन्हींमुळे १९८३ ते १९९५ या काळात तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांतील नव्या लागणी सुमारे ९५ टक्क्यांनी घटल्या.

आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ ला कोरोनाची लस प्रथम आरोग्य कर्मचाऱ्यांनाच सुरू झाली, तेव्हाही असेच घडले. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष तेव्हा हाती नव्हते आणि दिल्लीतल्या काही निवासी डॉक्टरांनी तसे स्पष्ट विचारले. ते निष्कर्ष पुढे त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. पुरावा मागणारा आणि पुरावा समोर असूनही चालढकल करणारा यांत फरक आहे. हिपॅटायटीस-बी लसीचा पुरावा चाळीस वर्षांचा आहे.

किमतीची सबबही जुनी झाली. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली आणि भाव उतरले. राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला; त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचाही समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. बालकांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर आली ती २०११ च्या सुमारास. म्हणजे आज नोकरीत असलेल्या बहुतेकांना ती लहानपणी तिथे मिळालेली नाही. "आमच्या लहानपणी सगळ्या लशी झाल्यात" या भरवशावर राहू नये.

आता घ्यायची कशी ते पाहू. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. इंजेक्शन दंडातच घ्यावे. आपल्याकडे कमरेत घेण्याची हौस फार, पण तिथे या लसीचा परिणाम कमी पडतो. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही, राहिलेला डोस घ्यावा. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी 'अँटी-एचबीएस' ही रक्ताची तपासणी करावी. ती १० किंवा त्याहून अधिक आली तर संरक्षण तयार झाले; निरोगी माणसाला मग बूस्टर लागत नाही. शंभरातल्या पाच-दहा प्रौढांत ती कमी येते. त्यांनी तीन डोस पुन्हा घ्यावेत.

आणि लस घेण्याआधीच सुई टोचली तर? जखम दाबून रक्त काढत बसू नये, स्पिरिट ओतू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि लगेच वरिष्ठांना सांगावे. रुग्णाचे रक्त तपासून, गरज असल्यास तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शन (इम्युनोग्लोब्युलिन) व लसीचा पहिला डोस, शक्यतो २४ तासांच्या आत घ्यावा. सात दिवसांनंतर त्या इंजेक्शनचा उपयोग उरत नाही. त्याच वेळी एच.आय.व्ही.साठीच्या प्रतिबंधक गोळ्यांचीही चौकशी करावी. त्या पहिल्या काही तासांत, फार तर ७२ तासांत सुरू कराव्या लागतात.